फुटतुटीची वही

१

हजेरीचं पुस्तक नाहीसं झालं होतं, आणि तेही नेमकं त्याच सकाळी, ज्या सकाळी कामगार कार्यालयाच्या निरीक्षकबाई ते तपासायला येणार होत्या.

मालकाने ही बातमी हॉटेलच्या दारातच दिली. चेहरा असा पाडलेला, की जणू घरातलं कुणी गेलंय. बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाण्यात भिजलेली पुस्तकं पाहिली होती, उंदरांनी कुरतडलेली पाहिली होती. एका बेकरीवाल्याचं पुस्तक तर दर तपासणीला त्याच्या सासुरवाडीला राहून जायचं. मोठ्या चोरांचा बाईंना राग येई. पण कामगाराच्या ताटातून चमचा-चमचा काढून खाणाऱ्या भुरट्यांची त्यांना किळस यायची, आणि ती लपवण्याची कला त्यांना कधी साधली नाही. तपासणीला गेल्या की त्या कुठल्याच मालकाचा चहा घेत नसत. पाण्याची बाटलीसुद्धा घरची.

"जाळलंय, मॅडम," मालक म्हणाला. "आणि कुणी जाळलं तेही सापडलंय."

चाळीस टेबलांचं दालन ओलांडून त्याने बाईंना मागे नेलं. दालनात जिकडे तिकडे आरसे आणि पितळी दिवे. स्वयंपाकघराचं झुलतं दार ढकललं आणि चकचकाट संपला. पुढे निसरडी फरशी, छताला तेलकट काजळी, आणि कोपऱ्यातल्या मोरीपाशी पाठमोरी उभी राहून पेले विसळणारी पन्नाशीची एक बाई. तिच्या शेजारी कचऱ्याचा डबा. डब्यातून काढलेला पुस्तकाचा अर्धवट जळका पुठ्ठा मालकाने स्टीलच्या ताटात मांडून ठेवला होता, जसा काही पाहुण्यांपुढे नाश्ता ठेवावा.

"नऊ नंबर," मालकाने तिच्याकडे हनुवटी केली. त्याच्याकडे माणसांना बिल्ले होते आणि तो त्यांना बिल्ल्यावरच्या आकड्यानेच हाक मारायचा. बाकी सगळे तिला मावशी म्हणत. "तक्रारअर्जावर पहिली सही हिची. पहाटे सहापासून आठपर्यंत इथे ही एकटी. मागच्या दाराची किल्ली हिच्याकडे, आणि पुठ्ठा निघाला हिच्याच डब्यातून. आता तुम्हीच बघा."

तो पाच वाजेपर्यंत वाट बघणार होता. पाचला पोलिसांना फोन. मात्र तोवर तिने तक्रार मागे घेतली, तर तो काही दगड नव्हता, विसरून जायला तयार होता.

म्हणजे पुस्तक गेल्याच्या दुःखापेक्षा तक्रार गेल्याचा आनंद त्याला जास्त होणार होता. बाईंनी तेवढं मनात टिपलं.

मावशीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. हातातला पेला तिने उजेडाला धरला, पालथा घातला, आणि शांतपणे म्हणाली, "बाई, मला पुस्तक नाहीसं करायचं असतं, तर मी ते जाळलं कशाला असतं?"

२

बाईंनी तिला मागच्या अंगणात नेलं. तिथे भाजीचे रिकामे क्रेट होते. दोन क्रेट पालथे घालून दोघी बसल्या.

मावशीचं म्हणणं सरळ होतं. तिच्या हाताशी दिवसभर उकळतं पाणी असतं. कागद त्यात तासभर टाकला की लगदा होतो आणि मोरीतून निघून जातो, मागे पुठ्ठाही उरत नाही. भट्टी पेटवणं तिचं काम नाही आणि तिला ती पेटवताही येत नाही. आज सहाला ती आली तेव्हा मागचं दार नेहमीसारखं कुलूपबंद होतं. आत मात्र जळक्या कागदाचा वास होता आणि एरवी सकाळी गार असणारी भट्टी कोमट लागत होती.

"मग हे मालकांना सांगितलं नाहीत?"

"मला इथे भांड्यांबद्दल विचारतात. भट्टीबद्दल कुणी विचारलं नाही."

तिचे हात बाईंना दिसत होते. बोटांची पेरं पांढरी पडून फुगलेली, नखांच्या कडा उललेल्या. सकाळी सहाला यायचं, दुपारी दोन तास सुटी, रात्री अकराला जायचं. पगार आठ तासांचा. महिनाअखेरीला हजेरीचं पुस्तक पुढे सरकवलं जाई आणि महिनाभराच्या सह्या एकदम घेतल्या जात, रोजचे तास आठ. सही नाही तर पगार नाही. पेला-बशी फुटली की तिप्पट किंमत पगारातून कापायची. गिऱ्हाईक कार्डावर जी टीप देई ती मालक 'मशीनचा खर्च' म्हणून स्वतः ठेवून घेई. रोख टीप मात्र गल्ल्याजवळच्या पेटीत पडे आणि दर पंधरा दिवसांनी मालकाचा भाचा तिचे चौदा वाटे करी. भाचा म्हणजे इथला मॅनेजर.

"चौदा कोण कोण?"

वेटर, मदतनीस, आचारी आणि ती स्वतः धरून बारा. उरलेले दोघे, तेरा आणि चौदा नंबरचे, रात्री हॉटेल बंद झाल्यावर येऊन फरशी धुणारे. त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं. ती गेल्यावर ते येत आणि ती यायच्या आत जात. त्यांच्याबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. कसले धुतात, फरशी सकाळी जशीच्या तशी असते, मोरीची जाळी खरकट्याने तुंबलेली. मालक आठला यायच्या आत तिलाच सगळं पुन्हा धुवावं लागे.

"तरी त्यांना वाटा?"

"वेटर कुरकुरले होते. मीच म्हटलं, द्या. रात्रभर जागतात बिचारे, त्यांना कुठलं गिऱ्हाईक टीप देणार?"

बारा जणांपैकी अकरांनी तक्रारीवर सही केली होती, फक्त आचाऱ्याने नाही. मालकाचा आरोप फेटाळावा तर तोही अगदी पोकळ नव्हता. त्या पुस्तकात मावशीचे तास आठच लिहिलेले होते, तेव्हा तिची तक्रार खोटी पाडणारा कागद तिनेच जाळला, असं कुणीही म्हणालं असतं.

मावशीला ते कळत होतं. उठता उठता ती म्हणाली, "पुस्तक खोटं होतं, बाई. पण ते मालकाच्या फायद्याचं खोटं होतं. तो कशाला जाळेल?"

हेच बाईंना पहिल्यापासून खटकत होतं. मालकाचा पाडलेला चेहरा नाटकी होता खरा, पण त्याखालचं दुःख खरं होतं. आपली ढाल गेल्याचं दुःख. मग ज्या खोट्या पुस्तकाने मालक वाचत होता, त्याच पुस्तकाची धास्ती वाटणारा तिसरा माणूस या हॉटेलात कोण होता?

३

आचारी आडवातिडवा गडी होता, आवाजही तसाच. पण बाईंच्या समोर बसल्यावर त्याचा आवाज पिठाच्या डब्यात पडल्यासारखा झाला. त्याने तक्रारीवर सही का केली नाही, हे विचारावं लागलंच नाही. टिपांच्या वाट्यात त्याला मागच्या दाराने थोडं जास्त मिळत होतं आणि हजेरीत त्याचे तास पुरते लागत होते. मालकाला हे ठाऊक होतं की आचारी बिघडला तर हॉटेल बिघडतं, बाकीच्यांचं काय, बिल्ले बदलता येतात. तेव्हा आचाऱ्याने पोट सांभाळलं होतं आणि तोंड शिवलं होतं. असल्या माणसांचं बाईंना मालकाइतकंच वावडं होतं. मालक निदान स्वतःच्या फायद्यासाठी चोरी करतो. हे लोक दुसऱ्याच्या चोरीला पहारा देतात.

तो नऊला आला तेव्हा भट्टी कोमट होती का, असं त्यांनी विचारलं. त्याने छताकडे पाहिलं. मग कबूल केलं की होती. खालच्या ट्रेमध्ये राखही होती, कागदाची, हलकी. रात्री जाताना तो गॅसचा मोठा कॉक बंद करून त्याला कुलूप घालतो. किल्ल्या दोनच आहेत. एक त्याच्या करगोट्याला.

"आणि दुसरी?"

"मॅनेजरसाहेबांकडे. पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका, मॅडम."

"तुमचं नाव येण्यासारखं तुम्ही काही केलेलंच नाही," बाई म्हणाल्या. त्याला ते कौतुक वाटलं असावं, कारण तो हसला.

मॅनेजर ऑफिसात होता. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, अंगाला इतकं अत्तर की तळणीचा वासही दारात थबकावा. मामांनी त्याच्यावर सगळं हॉटेल सोपवलंय, हे त्याने पहिल्या दोन वाक्यांत दोनदा सांगितलं. बाईंनी सगळ्या कामगारांना भेटायचं आहे म्हटल्यावर त्याने हौसेने यादी काढून दिली. बारा नावं.

"आणि तेरा, चौदा?"

"ते रात्रपाळीचे दोघे? ते सोडून गेले की. गेल्या आठवड्यातच. पत्ता-फोन काही ठेवला नाही. असल्या लोकांचं काय खरं असतं, मॅडम."

बाई तिथून उठून बाहेर मालकाकडे आल्या आणि सहज विचारल्यासारखं तेच विचारलं. मालकाने घड्याळाकडे पाहिलं. त्या दोघांना भेटायचं तर रात्री बारापर्यंत थांबावं लागेल, म्हणाला. चोख माणसं, आठला यावं तर फरशी आरशासारखी. दोन वर्षांत त्यांच्याबद्दल एक तक्रार नाही. त्याने स्वतः त्यांना पाहिलं होतं का? छे, तो दहाला घरी जातो. ते भाच्याचं खातं.

गल्ल्यावर बसणारी बाई पोक्त होती, चष्म्याची दोरी मानेत, अक्षर छापल्यासारखं. बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, पगाराची पाकिटं किती भरली. परवा शनिवारी भरली, चौदा, असं तिने सांगितलं. बारा जणांनी तिच्यासमोर नेली. दोन नेहमीप्रमाणे मॅनेजरने नेली, रात्रपाळीला द्यायला.

गेल्या आठवड्यात सोडून गेलेल्यांना परवा पूर्ण पगार. आणि मामाला पत्ता नाही.

बाईंना आता माणूस दिसू लागला होता. पण दिसणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. भाचा म्हणेल, हिशेब चुकता करायला पाकीट नेलं, मामांना सांगायचं राहिलं. दोन माणसं नव्हतीच, हे सिद्ध कशाने करणार? नसलेल्या माणसाच्या सह्या त्या पुस्तकात होत्या, आणि त्या पुस्तकाची राख झाली होती. भिंतीवरचं घड्याळ पावणेतीन दाखवत होतं.

४

मदत आली ती मालकाकडूनच. लोभी माणसाची एक गंमत असते, त्याला आपला लोभ म्हणजे शिस्त वाटते आणि तो ती चारचौघांत मिरवतो.

मावशी कशी आहे हे बाईंना कळावं, म्हणून त्याने गल्ल्याखालून एक जाड वही काढून आणली. फुटतुटीची वही. ही त्याची स्वतःची कल्पना होती, आणि ती समजावून सांगताना त्याचा पाडलेला चेहरा पहिल्यांदा खुलला. पेला, बशी, कप, काहीही फुटलं की तुकडा पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि त्याबरोबर चिठ्ठी. चिठ्ठीवर आपला नंबर आणि वेळ. लपवलं तर दुप्पट दंड. गल्ल्यावरची बाई चिठ्ठ्या वहीत उतरवून घेणार, आणि दर शनिवारी मालक पान तपासून खाली सही करणार. दोन वर्षांत एकही शनिवार चुकला नव्हता.

"वेळ कशाला?" बाईंनी विचारलं.

"वेळ नसली की सकाळचे संध्याकाळच्यांवर ढकलतात, मॅडम. या लोकांना तुम्ही ओळखत नाही."

त्याने मुद्दाम नऊ नंबरच्या नोंदी दाखवल्या. जवळजवळ रोज एक. पान उलटावं तिथे नऊ नंबर. हीच ती बाई, माझ्या मालाचं वाटोळं करणारी, आणि वर अर्ज करते. दिवसाला पाच-सहाशे पेले धुणारीच्या हातून एखादा फुटणारच, हा हिशेब त्याच्या डोक्यात कधी आला नसावा. पेल्याची खरेदी किंमत मात्र त्याला पाठ होती.

बाईंनी वही घेतली, कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या, आणि पहिल्या पानापासून वाचू लागल्या. मालकाने चहा पाठवला. त्यांनी परत पाठवला. अर्ध्या तासाने त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढून त्यावर रेघा आखल्या. आणखी अर्ध्या तासाने त्या मागच्या पानांकडून पुन्हा पुढे आल्या, बोट एकेका ओळीवर ठेवत. एका पानावर त्यांचं बोट थांबलं, तसं ते बराच वेळ तिथेच राहिलं.

मग त्यांनी वही मिटली आणि मालकाला सांगितलं, की सगळ्यांना दालनात बोलवा. वाजले होते चार.

५

गिऱ्हाईक नव्हतं. बारा जण भिंतीशी उभे राहिले. आरशांमुळे चोवीस वाटत होते. भाचा खुर्चीत बसला. गल्ल्यावरची बाई आपल्या जागी.

बाईंनी पहिला प्रश्न सगळ्यांना मिळून विचारला. तेरा किंवा चौदा नंबरला इथे कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? बाराही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. एका वेटरला वाटत होतं मावशीने पाहिलं असेल. मावशीला वाटत होतं शेवटी जाणाऱ्या वेटरांनी पाहिलं असेल.

"मी रोज बघायचो," भाचा म्हणाला. "शेवटी कुलूप लावणारा मी."

"मग त्यांचं काम काय होतं तेही सांगा."

फरशी धुणं, टेबलांवरचे उरलेले पेले-बश्या उचलून मोरीत ठेवणं, खुर्च्या वर करणं.

बाईंनी वही उघडी करून मालकासमोर ठेवली. दोन वर्षांत ज्याच्या हातून काही फुटलं नाही असा या बारांत एकही नाही, त्या म्हणाल्या. आचाऱ्याच्या नावावर सुद्धा तीन वाडगे आहेत. "रोज रात्री अंधारात, झोपेच्या वेळी, शेकडो काचा उचलणारे दोघे. दोन वर्षांत त्यांच्या हातून एक पेला फुटला नाही, एक बशी नाही, चमच्याचा दांडा वाकला नाही. मालक, ही वही तुम्ही दर शनिवारी तपासता. असले हात तुम्ही कुठे पाहिलेत?"

मालकाने पानं उलटली. तेरा शोधला, चौदा शोधला. त्याची बोटं वेगाने चालू लागली. पैशाची गोष्ट त्याला कधी समजावून सांगावी लागत नसे.

पुढचं बाईंनी थोडक्यात सांगितलं. मालकाला वाटायचं फरशी ते दोघे धुतात, कारण आठला ती स्वच्छ दिसायची. ती धुवायची मावशी. कामगारांना वाटायचं टिपेचे दोन वाटे गरिबांना जातात. दोन पगार मामाच्या गल्ल्यातून आणि दोन वाटे कामगारांच्या पेटीतून, असे चार पाय घेऊन दोन बिल्ले दोन वर्षं चालत होते, आणि चालत एकाच खिशात जात होते. तपासणीची नोटीस आली आणि मालक निर्धास्त राहिला, कारण पुस्तकातले तास त्याने आधीच घासूनपुसून घेतले होते. घाबरला भाचा. कारण निरीक्षक पुस्तकातली नावं वाचतो आणि माणसं समोर उभी करायला सांगतो.

"पुठ्ठा तिच्या डब्यात सापडला," भाचा म्हणाला. आवाज अजून ताठ होता.

"मागच्या दाराच्या किल्ल्या दोन. एक मावशीकडे, एक तुमच्याकडे. गॅसच्या कुलपाच्या किल्ल्या दोन. एक आचाऱ्याकडे, एक तुमच्याकडे. मावशीला भट्टी पेटवता आली नसती, आचाऱ्याला रात्री आत येता आलं नसतं. पुस्तक ज्यात असायचं त्या ऑफिसच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, हे तर विचारतच नाही. आणि त्या दोघांना सोडून गेलेले म्हणता, तर परवाची पाकिटं आणा."

भाच्याने मामाकडे पाहिलं. "मामा, घरी बोलू," असं तो म्हणाला, आणि तेवढ्याने सगळ्यांना सगळं कळलं.

भिंतीशी उभी असलेली मावशी पुटपुटली, फार मोठ्याने नाही, "मीच म्हटलं होतं, द्या म्हणून." शेजारच्या वेटरने मान खाली घातली.

मालकाचा चेहरा आता खरोखर बघण्यासारखा झाला होता. बहिणीचा मुलगा, घरात वाढवलेला, आणि त्याने मामालाच लुटावं. त्याने शिव्या दिल्या, कपाळाला हात लावला, आणि मग बाईंकडे असा वळला, की जणू दोघे एकाच दुकानात लुबाडले गेलेले गिऱ्हाईक. दोन वर्षांचे दोन पगार. हे कसे परत मिळतील, मॅडम? अर्ज कुठे करायचा?

चोरावर मोर निघाला, की पहिला चोर सगळ्यात आधी न्याय मागायला येतो, हे बाईंनी पूर्वीही पाहिलं होतं.

"तो तुमचा घरगुती मामला आहे," त्या म्हणाल्या. "ही वही मात्र मी जप्त करून नेतेय."

"फुटतुटीची? ती कशाला?"

बाईंनी ते पान उघडलं, जिथे त्यांचं बोट मघाशी थांबलं होतं. एकाच तारखेला दोन नोंदी. नऊ नंबर, पेला, सकाळी सव्वासहा. नऊ नंबर, बशी, रात्री पावणेअकरा. खाली मालकाची सही. पुढच्या पानावर तसंच. त्याच्या पुढच्याही. वेटरांचंही तसंच, कुणाचा कप सकाळी आठला, कुणाचा वाडगा रात्री साडेदहाला. दोन वर्षं, एक शनिवार न चुकता.

"हजेरीचं पुस्तक जळलं असं तुम्ही सकाळी म्हणालात," बाई म्हणाल्या. "जळलं ते खोटं होतं. खरं हे आहे. तुम्ही स्वतः ठेवलंय."

पाच वाजून गेले. पोलिसांना फोन करायची आठवण मालकाला राहिली नाही.

६

सुनावणी दोन महिन्यांनी कामगार कार्यालयात झाली. मालक वकील आणि हिशेबनीस घेऊन आला. वकिलाने युक्ती काढली होती. फुटतुटीच्या वहीतल्या नोंदी खऱ्या नाहीत, धाक राहावा म्हणून वाटेल तशा लिहिल्या होत्या, सबब त्यावरून कामाचे तास काढता येणार नाहीत.

बाईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, तसं लेखी द्या. नोंदी खोट्या असतील, तर दोन वर्षं न फुटलेल्या पेल्यांचे पैसे तुम्ही बारा जणांच्या पगारातून कापले आणि दर शनिवारी त्याखाली सही केली. ते फसवणुकीचं प्रकरण, ते माझ्याकडे राहणार नाही, फौजदारी कोर्टात जाईल. नोंदी खऱ्या असतील, तर तास खरे, आणि जादा कामाची मजुरी माझ्यापुढे द्यायची. कापलेला दंड दोन्हीकडे परत करायचाच, कारण तो कापण्याचा हक्क तुम्हाला नव्हता. कार्डावरच्या टिपाही दोन्हीकडे परत. "तेव्हा आपण कोणत्या प्रकारचे चोर आहोत, ते ठरवून सांगा."

दुसरा एखादा माणूस या वाक्याने पेटला असता. मालक हिशेबनीसाकडे वळला आणि दोन्हीचा आकडा काढायला सांगितला. तिघेही बाहेरच्या बाकावर बसले. दुपारभर कॅल्क्युलेटर चालत होता. जादा कामाची मजुरी किती, फौजदारी झाली तर वकिलाची फी किती, तारखा किती पडतील. आतून ते दिसत होतं आणि बाराही जण बघत होते. साडेचारला मालक आत आला आणि नोंदी खऱ्या आहेत, असं त्याने सांगितलं. अब्रू त्या हिशेबात कुठल्याच बाजूला धरलेली नव्हती. वकिलाची फी तेवढी जास्त निघाली होती.

भाच्याने खाल्लेले टिपेचे वाटेही त्याच हुकमात वसूल झाले. त्यासाठी त्याची मोटरसायकल विकली गेली, असं कुणीतरी सांगितलं.

पैसे वाटायचा दिवस आला. बाईंनी स्वतः रात्री-रात्री बसून तक्ते केले होते आणि त्यांना त्या कामाचा थोडा अभिमानही होता. एकेकाला बोलवून मालकाच्या हातून चेक दिला जात होता. मावशीने आपला चेक घेतला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचला, मग तक्ता मागितला आणि तोही वाचला. मागची रांग खोळंबली.

"दोन दिवस कमी आहेत," ती म्हणाली.

गेल्या वर्षी रंगकाम निघालं होतं तेव्हा हॉटेल दोन दिवस बंद होतं. तिला बोलावून घेतलं होतं, भिंती आणि धुराडं घासायला, सकाळपासून रात्रीपर्यंत. बाईंनी वही उघडली. त्या दोन तारखांना एकही नोंद नव्हती. नसणारच होती. पेले सगळे खोक्यांत बांधून ठेवलेले. फुटायला काही नव्हतंच, आणि बाईंनी ज्या दिवशी कुणाच्याच हातून काही फुटलं नाही तो दिवस सुटीचा धरला होता. इतरांच्या हिशेबाला हसायची सवय असलेल्या माणसाला आपली चूक अशी रांगेसमोर दिसली की काय वाटतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी चूक कबूल केली.

मालकाला मात्र हुरूप आला. वहीत नाही म्हणजे नाही, तो म्हणाला. वही तुमचीच ना आता, मॅडम, खरं पुस्तक? त्यात दाखवा.

दाखवायला काही नव्हतं. मावशीने कागद खाली ठेवला. तिने वाद घातला नाही. ती नुसती मालकाकडे बघत उभी राहिली, पेल्याला चीर आहे का बघावं तशी.

रांगेत शेवटी उभा असलेला आचारी खाकरला. त्याने बोलायला सुरुवात केली तेव्हा तो जमिनीकडे बघत होता.

"मी होतो ते दोन्ही दिवस," तो म्हणाला. "भट्टी खोलून साफ करत होतो. ती धुराड्यात कमरेपर्यंत शिरून घासत होती. मला त्या दोन दिवसांचे पैसे मिळाले. पाकिटावर तारखा आहेत, पाकीट घरी आहे. आणून देतो."

मालकाने त्याच्याकडे पाहिलं. आचाऱ्याची नोकरी त्या एका नजरेत गेली, आणि ते आचाऱ्यालाही कळलं, कारण त्याने मान वर केली आणि ती पुन्हा खाली घातली नाही.

"लिहा," बाई मालकाला म्हणाल्या. "आणि यांनाही आता शेवटी नको, इथे पुढे बसू द्या. यांचा जबाब घ्यायचाय."

मालकाने दुसरा चेक लिहिला. पेनातली शाई संपत आल्यासारखा, एकेक आकडा थांबून थांबून. मावशीने तोही लांब धरून वाचला, दोन्ही चेक एकावर एक ठेवून घडी घातली आणि पिशवीत टाकले. दाराकडे जाताना ती आचाऱ्याच्या खुर्चीपाशी थांबली. तो काहीतरी ऐकायच्या आशेने तिच्याकडे बघत होता.

"एवढं बोलायला दोन वर्षं लागली तुला," ती म्हणाली आणि बाहेर पडली.